मळी, काकवी, मोलॅसिस: कोणती कशासाठी

मुंबईत मोलॅसिस, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा गडद पाक, शोधायला निघालं की हाती बऱ्याच वेगळ्या वस्तू येतात. दादर किंवा लालबागच्या दुकानात काकवीची बाटली मिळते. केकचं सामान विकणाऱ्याकडे ‘ब्लॅकस्ट्रॅप’ (सर्वांत गडद मोलॅसिस) लिहिलेली परदेशी बरणी असते. पशुखाद्यवाल्याकडे डांबरासारखा काळा, आंबूस वासाचा चिकट द्रव असतो. सुपरमार्केटमधलं पोमग्रनेट मोलॅसिस म्हणजे तर डाळिंबाचा आटवलेला रस; उसाशी त्याचा संबंध नाही. आणि ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याकडे मळी मागितली तर तो बहुधा शेतात टाकायचं काळपट, भुसभुशीत खत दाखवेल. ते असतं प्रेसमड, म्हणजे रस साफ करून गाळल्यावर उरलेला गाळ. गुऱ्हाळावर उकळत्या रसावरून झाऱ्याने काढून टाकतात त्या फेसालाही मळीच म्हणतात. म्हणून आधी वस्तू नीट ओळखावी आणि मग वापर ठरवावा. या लेखात मळी म्हणजे साखर काढल्यावर कारखान्यात उरणारा द्रव आणि काकवी म्हणजे गुऱ्हाळावरचा खाण्याचा पाक.

साखर निघाल्यावर काय उरतं

महाराष्ट्रातल्या कारखान्यात १ टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर, पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस (चिपाड), ३० ते ४० किलो प्रेसमड आणि ४० ते ४५ किलो मळी निघते. बाकी बहुतेक पाणी.

रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडून गाळ खाली बसवतात. निवळलेला रस आटवून पाक करतात आणि तो पाक व्हॅक्यूम पॅनमध्ये, हवेचा दाब कमी ठेवून, सुमारे ६०-७० अंशांवर उकळतात. दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उडतं आणि साखर करपत नाही. दाणे धरले की हे घट्ट मिश्रण गरगर फिरणाऱ्या जाळीदार यंत्रात जातं. दाणे जाळीत अडकतात, द्रव बाहेर पडतो. हा झाला ‘ए’ दर्जाचा द्रव. त्यात अजून भरपूर साखर असते म्हणून तो पुन्हा उकळतात. दुसऱ्या फेरीनंतर मिळते ती ‘बी हेवी’ मळी, तिसऱ्या फेरीनंतर ‘सी हेवी’.

तिसऱ्या फेरीनंतरही त्या द्रवात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखर असते. मग ती का काढत नाहीत? प्रत्येक फेरीत साखर बाहेर जाते आणि बाकी सगळं मागे राहतं: पोटॅशियम, कॅल्शियम असे क्षार, ग्लुकोज-फ्रुक्टोज, रंगद्रव्यं, चिकट द्रव्यं. ही गर्दी इतकी वाढते की साखरेच्या कणांना एकमेकांजवळ येऊन स्फटिक बांधता येत नाही. द्रवही इतका घट्ट होतो की तो फिरवायला लागणारी वीज आणि वेळ हातात पडणाऱ्या साखरेपेक्षा महाग पडतो. तिथे कारखाना थांबतो.

तेव्हा मळीत चार गोष्टी एकत्र आहेत: सूक्ष्मजीवांना आयती मिळणारी साखर, उसाने जमिनीतून घेतलेले क्षार, चिकटपणा आणि सौम्य आम्लता. तिचा कुठलाही उपयोग पाहा, यांपैकी एखाददुसरा गुणच तिथे काम करत असतो. आणि जिथे बिघडतं, तिथे बहुतेक वेळा दुसरा एखादा गुण आड आलेला असतो.

खायची ती काकवी

कारखान्याची मळी खाण्यासाठी नसते, हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस साफ करायला गंधकाचा वायू वापरतात. त्याचे अंश, चुना आणि बाकीचे क्षार या सगळ्यांची शेवटची जागा मळीच. शिवाय ती लोखंडी टाक्यांतून आणि टँकरमधून फिरते, खाद्यपदार्थाची स्वच्छता तिथे नसते. ‘नैसर्गिक टॉनिक’ म्हणून पशुखाद्याची मळी चमच्याने घेणं धोक्याचं आहे.

काकवीतून साखर काढून घेतलेलीच नसते. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतात, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळाचा फेस वर आणतात आणि तो काढून टाकतात. पाक १०५-१०६ अंशांच्या आसपास आला की काहिलीतून बाजूला काढतात ती काकवी. तोच पाक पुढे ११५-११८ अंशांपर्यंत नेला, वाफ्यात ओतून घोटला की गूळ. दहा-बारा अंशांचा हा फरक, पण काकवीत त्यामुळे पाव हिश्श्याहून अधिक पाणी राहतं आणि तिच्या टिकण्याचं सगळं गणित त्या पाण्यावर ठरतं.

पाणी प्रमाणात असेल तर इतक्या दाट साखरेत यीस्ट वाढू शकत नाही. ओला चमचा बुडवला की वरचा थर पातळ होतो आणि तिथून आंबणं सुरू होतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे फार लवकर घडतं, कारण उघड्या बाटलीतली काकवी हवेतला दमटपणाही ओढून घेते. झाकण फुगलेलं, उघडताना फस्स आवाज, वर बारीक फेस, दारूसारखा वास: यातलं काहीही दिसलं तर ती बाटली खाण्यातून बाद. जून ते सप्टेंबर बाटली फ्रिजमध्येच ठेवावी, काचेची असावी आणि चमचा कोरडा असावा. तळाशी खडे जमले तर मात्र घाबरायचं कारण नाही, ती साखरच आहे. बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवली की विरघळते.

भाकरी, घावन, आंबोळी, थालीपीठ यांच्याबरोबर काकवी तशीच खातात. अडचण येते दुधाशी. काकवी आणि गूळ दोन्ही किंचित आम्लधर्मी, क्षारही भरपूर. उकळत्या दुधात पडले की दूध फाटतं. चहा किंवा खीर गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटं थांबावं, मग काकवी घालावी आणि पुन्हा उकळू नये.

केकमध्ये १०० ग्रॅम साखरेऐवजी काकवी घालायची असेल तर सुमारे १३५ ग्रॅम लागते आणि तिच्याबरोबर ३५ ग्रॅम पाणी येतं. तेवढं दूध किंवा पाणी कृतीतून कमी करावं, नाहीतर केक मध्यभागी बसतो. आम्लता मारायला एवढ्या काकवीला पाव टीस्पून खायचा सोडा पुरतो आणि तेवढी बेकिंग पावडर कमी करता येते. ओव्हन १०-१५ अंश खाली ठेवावा, कारण काकवीचा केक बाहेरून आधी काळवंडतो. ब्राऊन शुगर घरी करायची तर २०० ग्रॅम साखरेत १ टेबलस्पून खाद्य दर्जाचं मोलॅसिस बोटांनी चोळावं. गडद हवी असेल तर २. काकवीने रंग फिकट येतो आणि साखर ओलसर राहते, म्हणून ती लगेच वापरावी. ब्लॅकस्ट्रॅप मात्र कडवट असतं. जिंजरब्रेडच्या कृतीत नुसतं ‘मोलॅसिस’ लिहिलं असेल तर अपेक्षा सौम्य प्रकाराची असते. तिथे ब्लॅकस्ट्रॅप पूर्ण मापाने घातलं की केक तोंडात धरवत नाही.

लोहाचा मुद्दा लोक सर्वांत जास्त विचारतात. साध्या खाद्य मोलॅसिसमध्ये १०० ग्रॅमला साधारण ४.७ मिलिग्रॅम लोह असतं. एक टेबलस्पून, म्हणजे २० ग्रॅम घेतलं तर ०.९ मिलिग्रॅम. भारतीय प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस आहे २९ मिलिग्रॅम. म्हणजे एका चमच्यातून गरजेचे सुमारे ३ टक्के लोह येतं आणि सोबत १५ ग्रॅम साखर. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्यांऐवजी काकवी सुचवणं हा सल्ला तिचं नुकसान करणारा आहे. काकवी चवीसाठी खावी, औषध म्हणून नाही. मधुमेहात ती साखरच धरायची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमकडेही लक्ष हवं: त्याच एका टेबलस्पूनमध्ये ते २९० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

पाव, दारू, पेट्रोल

मुंबईत रोज जो पाव भाजला जातो त्याच्यामागेही मळी आहे. बेकरीत वापरायचं यीस्ट मोठ्या टाक्यांत मळीवर वाढवतात. पातळ केलेली मळी, नत्र आणि स्फुरद देणारे क्षार आणि सतत भरपूर हवा. हवा मिळाली की यीस्ट साखर खाऊन स्वतःची संख्या वाढवतं. हवा तोडली की तेच यीस्ट साखरेची दारू करतं. टाकीत हवा सोडायची की नाही, एवढ्यावर कारखाना यीस्टचा की डिस्टिलरीचा हे ठरतं.

रम तर बहुतेक मळीचीच. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त दारूचा पायाही मळीपासून काढलेलं शुद्ध अल्कोहोल असतो. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे अशा दारूला तिथे ते नाव लावता येत नाही.

दारू करता येते या एका कारणामुळे मळी कायद्याच्या कडक नजरेखाली आहे. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली मळी ही नियंत्रित वस्तू आहे. साठवायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो. कारखान्याच्या दारात जाऊन पिंपभर मळी आणता येईल अशी कल्पना कुणी करू नये. मळीच्या दारूतच विष तयार होतं, हा गैरसमज इथेच दूर करायला हवा. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळे. मळी आंबवून मिथेनॉल जवळजवळ तयार होत नाही. ते उद्योगात वापरायचं रसायन आहे आणि दारूत बाहेरून मिसळलं जातं. वास, चव, रंग यावरून ते ओळखता येत नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलची, म्हणजे दारूतल्याच अल्कोहोलची, सुरुवातही महाराष्ट्राशी जोडलेली. २००१मध्ये देशात जिथे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले त्यांत मिरज आणि मनमाड होतं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ५ लिटरच्या स्कूटरच्या टाकीत १ लिटर. ते सगळं मळीचं नसतं, मका आणि तांदळाचंही असतं. सी हेवी मळीच्या एका टनातून साधारण २२५ ते २४० लिटर इथेनॉल निघतं, बी हेवीतून ३०० लिटरच्या आसपास. म्हणून साखर मुबलक असली की कारखाने दुसऱ्या फेरीलाच थांबून बी हेवी मळी डिस्टिलरीला देतात, आणि साखर कमी पडेल असं वाटलं की सरकार हा मार्ग आवळतं. डिसेंबर २०२३मध्ये तसं झालं होतं. गाडीवाल्याने एवढं लक्षात ठेवावं की इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर पाणी आत जाऊन इथेनॉलसह तळाशी वेगळं बसतं आणि गाडी अडखळते. रबर वेळेवर बदलावं.

मळीचा सर्वांत वाईट चेहरा डिस्टिलरीच्या मागे दिसतो. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो: गडद तपकिरी, आम्लधर्मी, नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारणारा. आता तो बाहेर सोडायला परवानगी नाही. त्यातून बायोगॅस काढतात, उरलेला आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेत पोटॅश असतं, उसाने शेतातून उचललेलं; १४.५ टक्के पोटॅशचं खत म्हणून ती आता विकता येते. पोटॅशसाठी भारत जवळजवळ पूर्ण आयातीवर आहे, त्यामुळे हा वापर खरोखर मोलाचा वाटतो.

गोठ्यात

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत म्हशींना सुका चारा बाहेरून आणून घालावा लागतो. त्यावर मळीचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो: धूळ बसते आणि चव येते. १० किलो कुट्टीला अर्धा ते एक किलो मळी दुप्पट पाण्यात पातळ करून शिंपडतात. जास्त झाली की शेण पातळ होतं, आणि तो मळी कमी करायचा इशारा असतो. युरिया-मळीच्या चाटण विटांबाबत मात्र कडक राहावं. मोठ्या जनावराने दिवसाला ४००-५०० ग्रॅम चाटावी, तीही पोटात चारा असताना. विरघळवून पाजू नये, पावसात भिजू देऊ नये. वीट मऊ झाली की जनावर चाटण्याऐवजी तोडून खातं आणि युरियाची विषबाधा होते. सहा महिन्यांखालची वासरं, घोडे, डुकरं यांना ती देऊच नये. युरिया वापरणारे जंतू त्यांच्या पोटात नसतात किंवा पुरेसे नसतात.

सोसायटीचं खत

२ ऑक्टोबर २०१७पासून मुंबई महापालिकेने २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हापासून मळीची विचारणा सोसायट्यांतही होऊ लागली. कृती अशी: १ लिटर ईएम कल्चर (कचरा कुजवणाऱ्या उपयुक्त जंतूंचं विरजण), १ लिटर मळी, १८ ते २० लिटर पाणी. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावं, त्यातलं क्लोरीन जंतू मारतं. मळी आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवावी, नाहीतर ती तळाशी बसून राहते. पिंप वरपर्यंत भरू नये आणि रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडावा; घट्ट बंद प्लॅस्टिकचं पिंप फुगून फुटू शकतं. ५ ते ७ दिवसांत आंबटगोड वास आला की तयार. सडका वास आला तर ओतून द्यावं. तयार द्रावण पन्नास पट पाण्यात मिसळून कचऱ्यावर फवारायचं. मळी मिळाली नाही तर तेवढ्याच वजनाचा काळा गूळ चालतो.

इथे घाई नडते. खत लवकर व्हावं म्हणून मळी वाढवली की साखर खाणारे जंतू एकदम वाढतात, ढिगातला प्राणवायू संपतो, ढीग चिकट होऊन आंबतो आणि मुंग्या, झुरळं, मागोमाग उंदीर येतात. दुर्गंधीची तक्रार आली तर बहुतेक वेळा मळी कमी आणि सुका पाला किंवा कोकोपीट जास्त हवं असतं. कुंड्यांनाही हेच लागू: १ लिटर पाण्यात ५ मिली, पंधरा दिवसांतून एकदा. त्याहून जास्त दिलं तर मातीतले जंतू झाडाचं नत्र स्वतःच अडवतात, पानं पिवळी पडतात आणि मुंग्यांबरोबर मिलीबग येतो.

पिंप कुठे ठेवायचं हेही आधी ठरवा. मळीचा एक लिटर म्हणजे १.४ किलो, २०० लिटरचं भरलेलं पिंप २८० किलोचं होतं. पोडियमच्या कडेला किंवा गच्चीवर ते चढवू नये. बोस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ला मळीची मोठी टाकी फुटून २१ माणसं मेली, यावरून या द्रवाच्या वजनाची कल्पना यावी.

काँक्रीट आणि चुना

साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते, कारण ती सिमेंटच्या कणांवर बसून पाण्याशी होणारी क्रिया रोखते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम, एवढ्यानेही काही तासांचा उशीर होतो. प्रमाण १ टक्क्याकडे गेलं तर सिमेंट धरतच नाही. रेडिमिक्सचा ट्रक वाहतुकीत अडकला की ड्रम वाचवायला त्यात साखर टाकतात ती म्हणूनच. ते काँक्रीट मग कामात वापरायचं नसतं. मळीच्या किंवा गुळाच्या जुन्या पिंपातून साइटवर पाणी आणू नये, धुतलेलं असलं तरी.

चुन्याच्या जुन्या बांधकामात हाच गुण कामी येई. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घातलेला चुना सावकाश धरतो आणि थापीखाली लोण्यासारखा पसरतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आजही हे करतात. गूळ जास्त झाला तर गिलावा पहिल्याच पावसाळ्यात मऊ पडतो.

गंज

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पाने, विळे, तवे, सायकलचे भाग गंजतात. मळीतली सेंद्रिय आम्लं आणि त्यांचे जोडीदार रेणू लोखंडाच्या ऑक्साइडला धरून पाण्यात ओढतात, चांगल्या लोखंडाला मात्र सावकाश हात लावतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. वस्तू आधी साबणाने धुऊन तेल-ग्रीस काढावं, नाहीतर द्रावण गंजापर्यंत पोचत नाही. पूर्ण बुडेल अशी ठेवावी. अर्धी बाहेर राहिली तर पाण्याच्या रेषेवर खोल चरा पडतो. एक ते तीन आठवडे लागतात, मे महिन्यात कमी, जानेवारीत जास्त. चार-पाच दिवसांनी काढून ब्रशने घासून पाहावं.

ॲल्युमिनियम, जस्त किंवा जस्ताचा मुलामा असलेली वस्तू यात टाकू नये, ती खाल्ली जाते. बिडाच्या वस्तू जास्त दिवस विसरल्या तर पृष्ठभाग मऊ, काळा होतो. वास उग्र येतो आणि वर बुरशी धरते, म्हणून पिंप गॅलरीत नको, मोकळ्या जागेत आणि सैल झाकणाखाली हवं. वस्तू बाहेर काढली की लगेच भरपूर पाण्याने धुवावी, उन्हात किंवा गरम हवेने सुकवावी आणि गरम असतानाच तेल लावावं. ओली तशीच ठेवली तर तासाभरात पुन्हा नारिंगी थर चढतो. तवा असेल तर खायच्या तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीनदा धूर येईपर्यंत तापवावा, मगच त्यावर भाकरी टाकावी.